स्लाइडचं डाएट

शारदीय नवरात्रात तुळजापूरला तुळजाभवानीच्या अलंकार महापूजा मांडतात. एक दिवस मुरली, एक दिवस शेषशायी, एक दिवस महिषासुरमर्दिनी. त्यातच येते भवानी तलवार अलंकार महापूजा. आई छत्रपती शिवरायांच्या हाती तलवार देते आहे, असा तो थाट. तुळजापुरात शस्त्राचा विषय निघाला की गाडी इथूनच सुटणार. आपणही इथूनच सुटू आणि स्पर्धेच्या पिस्तुलावर जाऊन उतरू. मधला रस्ता वाटतो तेवढा लांब नाही.

पन्हळीचं गुपित

संग्रहालयात जुनी तलवार बघताना, विशेषतः फिरंगी पात्याची, मुठीपासून टोकाकडे गेलेली एक उथळ पन्हळ दिसते. शेजारी उभा असलेला कुणीतरी हमखास हळू आवाजात सांगतो, "ही रक्त वाहून जायला." ऐकायला झणझणीत, पण खोटं. पन्हळ असते ती वजन उतरवायला. पातं वाकू नये हे काम मुख्यतः त्याच्या जाडीचा बाहेरचा भाग करतो, मधल्या धातूचं नुसतंच ओझं होतं. तो खरवडून काढला की तलवार हलकी होते आणि ताठपणा फारसा जात नाही.

आता स्पर्धेचं आधुनिक पिस्तूल बघा. वरच्या पोलादी भागाच्या पाठीवर आणि कुशीत खिडक्या, खाचा, चर. तलवारीच्या लोहारानं जे केलं तेच आज संगणकावर चालणारं मिलिंग मशीन करतं. शोभा हा वरचा नफा. काही हौशी मंडळी फक्त शोभेसाठीच खिडक्या पाडून घेतात, त्यांना आपण नमस्कार करून पुढे जाऊ.

स्लाइड म्हणजे कोण?

पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग म्हणजे स्लाइड. सिनेमात नायक 'खटॅक' करून मागे ओढतो ती. प्रत्येक गोळीगणिक ती स्वतःच मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते, हॅमर चढवते, मग स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस उचलून नळीत बसवते. एवढी चार कामं उरकायला तिला किती वेळ लागतो? ग्लॉक १८ हे पिस्तूल सलग गोळीबार करू शकतं आणि त्याचा वेग मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्या सांगितला जातो. भागाकार करा: एका फेरीला सेकंदाचा विसावा भाग.

स्लाइड असलेलं पहिलं पिस्तूल, जे कारखान्यात रीतसर तयार होऊन बाजारात आलं, ते बेल्जियमच्या एफएन कंपनीचं एम १९००. डोकं अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगचं. त्याच काळातल्या माउझर सी ९६ ला स्लाइड नव्हती, आत एक बोल्ट मागेपुढे पळायचा. लुगर पिस्तुलात तर गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा होता. आणि श्वार्झलोझे नावाच्या एका महाशयांनी १९०८ मध्ये सगळंच उलटं केलं. त्यांच्या पिस्तुलात मागे काही जातच नाही, नळीच पुढे पळते! बाजारानं मात्र ब्राउनिंगचीच बाजू घेतली.

पन्नास ग्रॅमचा हिशोब

ज्याला गणिताचं वावडं आहे त्यानं हा भाग सोडावा. पण सोडू नका, मजा इथेच आहे.

समजा गोळी ८ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ३५० मीटर. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलात असंच काहीसं असतं. मागे सरकणारा भाग धरा ४०० ग्रॅमचा. जळलेल्या दारूच्या वायूचा वाटा बाजूला ठेवला, तर हा भाग सेकंदाला ७ मीटर वेगानं मागे सुटतो. म्हणजे ताशी २५ किलोमीटर, गल्लीतल्या स्कूटरचा वेग. आता त्याचे ५० ग्रॅम उतरवा. वेग होतो सेकंदाला ८ मीटर. धक्का तोच, कारण गोळी तीच. पण त्या भागाची ऊर्जा ९.८ जूलवरून ११.२ जूलवर जाते. वजन घटलं आणि ऊर्जा १४ टक्क्यांनी वाढली!

मग हलकी स्लाइड हवी कशाला?

कारण नेमबाजाला छळतो तो नुसता धक्का नाही, धक्क्यांची माळ. गोळी सुटताना पहिला. स्लाइड मागे जाऊन पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्यावर आपटते तो दुसरा. एसटीनं करकचून ब्रेक मारल्यावर उभ्या प्रवाशाला बसतो तसा, आणि यात पिस्तुलाचं तोंड वर उडतं. मग स्लाइड धाडकन पुढे येऊन बंद होते तो तिसरा, आणि यात तोंड खाली डुबकी मारतं. वर, खाली, मग कुठे स्थिर. स्लाइड हलकी असेल तर मागेपुढे फिरणारं वजन कमी, हातातल्या पिस्तुलाचा तोल कमी ढळतो, आणि पुढे येऊन आदळताना ती डुबकीही कमी. त्यात मऊ स्प्रिंग बसवता येते. नेम धरायची समोरची माशी उडून पुन्हा मागच्या खाचेत येऊन बसायला कमी वेळ लागतो.

म्हणजे सगळी कसरत त्या एका गोष्टीसाठी: दुसरी गोळी लवकर सोडता यावी.

पहिलीला काय फरक पडतो? जवळजवळ काहीच नाही. वरचाच हिशोब फिरवून बघा. गोळी नळीतून १० सेंटिमीटर धावते तेवढ्या वेळात स्लाइड सरकते जेमतेम २ मिलिमीटर. स्लाइडचा खरा तमाशा सुरू होतो तेव्हा गोळी निघून गेलेली असते. तेव्हा हलक्या स्लाइडमुळे नेम सुधारतो असं कुणी सांगितलं, तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

पंचावन्न टनांचा शहाणपणा

वजन वाईट असतं असं मात्र नाही. पळणारं वजन त्रास देतं, उभं वजन उपकार करतं.

याचा पुरावा धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्ग किल्ल्यात उपळी बुरुजावर चढून गेलात तर लांबलचक तोफा दिसतात. हत्ती तोफ आणि मगर तोफ ही त्यांची नावं. पण जिल्ह्याशी नातं सांगणारी सगळ्यात अवाढव्य तोफ आता जिल्ह्यात नाही, ती विजापूरला शर्झा बुरुजावर बसली आहे. मुलुख-ए-मैदान. १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी यानं ती अहमदनगरला ओतली, पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२ मध्ये आदिलशाहीचा मुरार जगदेव ती परंड्याहून विजापूरला घेऊन गेला. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. ती ओढायला शेकडो बैल आणि वर हत्ती जुंपले होते, असं सांगतात.

(याच मुरार जगदेवाला एकदा हत्तीची तुला करायची होती आणि एवढा मोठा तराजू आणायचा कुठून हा प्रश्न पडला. तेव्हा शहाजीराजांनी हत्तीला नावेत चढवून नाव किती बुडते त्यावर खूण करायला लावली, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत दगड भरले, अशी कथा आहे. ही भीमा-इंद्रायणीच्या संगमावरची. पण वजनाच्या लेखात हा माणूस दोनदा येणं भागच होतं.)

स्पर्धेचं एक पिस्तूल १,१०० ग्रॅमचं धरलं, तर मुलुख-ए-मैदानच्या वजनात ५० हजार पिस्तुलं होतील. तोफेला एवढं जड का ठेवायचं? एक तर नळी फुटू नये म्हणून जाड धातू हवा. दुसरं म्हणजे धक्का गिळायला वजन लागतं. गोळा पुढे जाताना जेवढा रेटा मागे देतो, तो ५५ टनांना हलवताना दमून जातो. इंग्रजी अमदानीत, १८५४ मध्ये, ही तोफ लिलावात निघाली आणि बोली गेली १५० रुपयांवर. नंतर सरकारला शहाणपण सुचलं आणि लिलाव रद्द झाला.

स्पर्धेच्या पिस्तुलाचे कारागीर दोन्ही गोष्टी एकाच हत्यारात करतात. वरची स्लाइड बारीक, खालचा सांगाडा दणकट. चेक बनावटीचं सीझेड शॅडो २ घ्या. २०१६ मध्ये आलेलं हे पिस्तूल रिकामंच सुमारे १,३३० ग्रॅम भरतं. आजकाल खिशातली पिस्तुलं प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर हलकी होत असताना हे मुद्दाम जड, पोलादी. पण त्याच्याच स्लाइडचं पुढचं टोक कातरून बारीक केलेलं. जड काय ठेवायचं आणि हलकं काय करायचं, हे एवढ्याशा जागेत लिहून दिल्यासारखं.

सीझेडचं आणखी एक वैशिष्ट्य १९७५ पासूनचं आहे. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड सांगाड्याला बाहेरून कवटाळते. सीझेड ७५ मध्ये ती सांगाड्याच्या आतल्या रुळांवर धावते. आत धावायचं म्हटल्यावर अंगानं बारीक असणं आलंच.

कोल्हापूरचा हात, तीन सेकंद

पिस्तुलाची गोष्ट महाराष्ट्रात सांगायची तर कोल्हापूरला जावंच लागतं. राही सरनोबतनं २०१३ मध्ये कोरियात चांगवॉनला २५ मीटर पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं. पिस्तुलात असं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. मध्ये कोपराच्या दुखापतीनं तिला बराच काळ रोखलं. मग २२ ऑगस्ट २०१८ ला पालेम्बांगच्या एशियाडमध्ये तिची आणि थायलंडच्या नफासवान यांगपायबून हिची ३४ गुणांवर बरोबरी झाली. शूट-ऑफ झाला, पुन्हा बरोबरी. दुसरा शूट-ऑफ झाला आणि राही एका गुणानं पुढे गेली. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. त्याआधी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत पुण्याची अनिसा सय्यद आणि राही, दोघींनी जोडीनं २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं होतं. वैयक्तिक प्रकारातही अनिसाला सुवर्ण, राहीला रौप्य.

या प्रकारात वेगाचा टप्पा कसा असतो ते बघा. पिस्तूल धरलेला हात ४५ अंशांत खाली. हिरवा दिवा लागतो, तीन सेकंदांत हात उचलायचा, नेम धरायचा, एक गोळी सोडायची. मग हात खाली, सात सेकंद थांबायचं. पुन्हा हिरवा दिवा. एकाच हातानं, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. अंतिम फेरीत १०.२ किंवा त्याहून चांगला नेम लागला तरच 'हिट', १०.१ लागला तरी पाटी कोरी.

एका गोळीनंतर सात सेकंद मिळत असतील तर स्लाइड किती ग्रॅमची याला फारसा अर्थ उरत नाही, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. शिवाय काडतूस .२२ चं. त्याची गोळी साधारण अडीच ग्रॅमची, धक्का नऊ मिलिमीटरच्या धक्क्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. खरी घाई असते पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये: पाच निशाणांवर पाच गोळ्या, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. चार सेकंदांत पाच, तेही हात खालून उचलून. लंडन २०१२ मध्ये विजय कुमारनं याच प्रकारात रौप्य आणलं.

आणि गंमत म्हणजे ऑलिंपिकच्या या .२२ पिस्तुलांना बहुतेकदा मोठी स्लाइड नसतेच. वॉल्थर जीएसपी, पार्डिनी एसपी, फाइनवेर्कबाऊ एडब्ल्यू ९३ या मंडळींत आतला छोटा बोल्ट मागेपुढे पळतो. माशी आणि खाच सांगाड्यावर कायम ठोकलेली. पळणारं वजन एवढंसं, आणि डोळ्यासमोरचं काही हलतच नाही. स्लाइडला डाएटवर घालण्यापेक्षा तिला घरीच ठेवलं!

दारावरची झडती

स्पर्धेआधी पिस्तुलाची तपासणी होते. २५ मीटरच्या पिस्तुलासाठी एक खोका असतो, ३०० मिलिमीटर लांब, १५० उंच, ५० रुंद. पिस्तूल त्यात मावलं पाहिजे. रिकाम्या मॅगझिनसकट वजन १,४०० ग्रॅमच्या आत हवं. मग नळी आकाशाकडे करून पिस्तूल उभं धरतात आणि ट्रिगरला एक किलोचं वजन टांगून उचलतात. ट्रिगरनं ते पेललं तर पास, खटका पडला तर बाहेर. कुठे चावी फिरवत बसलेला नेमबाज दिसला तर समजावं, गडी ट्रिगरशी झगडतो आहे. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाला हेच वजन ५०० ग्रॅम.

धावत धावत गोळीबार करण्याचा जो खेळ आहे, आयपीएससी, त्याचा कारभार निराळा. त्याची संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी जन्मली. इथे दोन्ही हात चालतात आणि दोन गोळ्यांमधलं अंतर सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या भागावर येतं. स्लाइडच्या ग्रॅमग्रॅमवर रात्री जागवणारे लोक ते हेच. त्यांची एक लबाडी संघटनेनं आधीच ओळखली. काडतुसात दारू कमी भरली की धक्का आपोआप कमी! म्हणून 'पॉवर फॅक्टर' आला: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फुटांत, भागिले हजार. उत्तर किमान १२५ यायला हवं. १२४ ग्रेनची गोळी १,०१० फूट वेगानं गेली तर १२५.२, म्हणजे काठावर पास. मोठ्या स्पर्धेत तुमच्याच काडतुसांतून नमुना घेतात, एक गोळी काडतुसातून उपटून तराजूवर ठेवतात, बाकीच्या यंत्रासमोरून झाडून वेग मोजतात. भेसळ पकडायला दूध डेअरीत जेवढी तत्परता नसेल तेवढी इथे.

याच खेळात 'प्रॉडक्शन' नावाचा गट आहे. त्यात कारखान्यातून आलेलं पिस्तूल जसंच्या तसं वापरायचं, घरी खिडक्या पाडायच्या नाहीत. मग कंपन्या काय करतात? कारखान्यातूनच खिडकी पाडून देतात. ग्लॉक ३४ ची स्लाइड नेहमीच्या ग्लॉक १७ पेक्षा लांब आहे, पण तिच्या पाठीवर पुढच्या बाजूला एक भलंमोठं छिद्र ठेवलं आहे. लांबी वाढली, वजन वाढू दिलं नाही.

हे नवीन नाही, आजोबांच्या काळचं आहे

१९३६ चं बर्लिन ऑलिंपिक. रॅपिड फायरमध्ये जर्मनीच्या कॉर्नेलियस फान ओयेनला सुवर्ण आणि हाइन्झ हाक्सला रौप्य. त्या काळचं जर्मन हत्यार म्हणजे वॉल्थर ऑलिंपिया. वेगाच्या प्रकारासाठी ते .२२ शॉर्ट या तोकड्या काडतुसावर चालायचं, आणि तोकड्या काडतुसाच्या अंगात जड स्लाइड ढकलायची ताकद नसते. म्हणून तिची स्लाइड हलक्या मिश्रधातूची केली. पुढे अमेरिकेच्या हाय स्टँडर्ड कंपनीनंही .२२ शॉर्टच्या पिस्तुलाला अ‍ॅल्युमिनियमची स्लाइड बसवली. रॅपिड फायरमध्ये .२२ शॉर्टचं राज्य २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत टिकलं. त्यानंतर नियम बदलले, .२२ लाँग रायफल हे थोडं दमदार काडतूस सक्तीचं झालं, आणि पिसासारखी पिस्तुलं कपाटात गेली.

अमेरिकेच्याच कोल्ट कंपनीपुढे नेमका उलटा प्रश्न होता. सैन्याचं जड .४५ पिस्तूल घेऊन रोजचा सराव स्वस्त .२२ काडतुसावर करायचा. १९३१ मध्ये त्यांनी स्लाइड हलकी करून 'एस' नावाचं मॉडेल काढलं. पण सरावात खऱ्या .४५ चा धक्का बसत नव्हता. १९३७ मध्ये 'सर्व्हिस एस' आलं आणि त्यात तरंगता चेंबर होता. वायूचा दाब चेंबरवर पडतो, चेंबर मागे सरकून स्लाइडला ढुशी देतो, आणि इवलंसं काडतूस जड स्लाइड हलवतं. ही युक्ती डेव्हिड मार्शल विल्यम्सची. तो पूर्वी नॉर्थ कॅरोलायनात खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात होता आणि तुरुंगाच्या कारखान्यात बसून बंदुकांच्या रचना शोधत होता! तुरुंगाधिकाऱ्यानं त्याला हत्यारांवर काम करू दिलं, हे आजच्या कुठल्याही जेलरला स्वप्नातही परवडणार नाही.

उपास अंगाशी येतो तेव्हा

हलकी, हलकी करत गेलं की एका टप्प्यावर स्लाइड मॅगझिनपेक्षा चपळ होते. स्लाइड मागे जाऊन परत आली, पण खालची स्प्रिंग पुढचं काडतूस अजून वर ढकलतेच आहे. स्लाइड रिकाम्या नळीवर बंद होते. नेमबाज ट्रिगर दाबतो, नुसता 'टक' आवाज. दुसरं दुखणं म्हणजे वेग वाढलेली स्लाइड सांगाड्यावर रोज हातोड्यासारखी बसते आणि स्प्रिंग लवकर म्हातारी होते. तिसरं, थंडीत किंवा पिस्तूल मळलेलं असताना हलक्या स्लाइडच्या अंगात काडतूस रेटून बसवायचा दम नसतो. म्हणून जाणकार कारागीर स्लाइड, स्प्रिंग आणि काडतूस या तिघांचं एकत्र लग्न लावतो. एकट्या स्लाइडला कापणारा कारागीर म्हणजे अर्धं शिकलेला.

स्लाइड तुटली तर काय होतं, ते अमेरिकेच्या नौदलाला विचारा. १९८७-८८ मध्ये त्यांच्या सील कमांडोंच्या हातातल्या बेरेट्टा ९२ पिस्तुलांच्या स्लाइड तुटल्या, मागचा तुकडा सुटून तोंडावर आला आणि तिघे जखमी झाले. कारण काय यावर बराच वाद रंगला. बेरेट्टानं पुढच्या ९२ एफएस मॉडेलमध्ये हॅमरच्या पिनेचं डोकं मोठं केलं आणि स्लाइडमध्ये त्यासाठी खाच ठेवली. आता स्लाइड तुटलीच तर तिथे अडकते. बेरेट्टाची स्लाइड माथ्यावर सताड उघडी असते, नळी दिसत राहते. ही रचना घराण्याचीच, १९२० च्या दशकातल्या पिस्तुलांपासून चालत आलेली.

या उलट टोकाला अमेरिकेचं हाय-पॉइंट. स्वस्तातलं पिस्तूल, स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची आणि एखाद्या विटेइतकी जाड. आत स्लाइडला रोखणारी कुलपासारखी यंत्रणाच नाही, नुसत्या वजनावर आणि स्प्रिंगवर तिला अडवायचं. कुलूप नको असेल तर वजन भरा.

चष्मा कुठे ठेवायचा

लाल ठिपक्याची दुर्बीण आता सगळीकडे आली. ती स्लाइडवर बसवली तर डाएट करून उतरवलेले तीसेक ग्रॅम पुन्हा चढले, वर ठिपका प्रत्येक गोळीला नाचणार. म्हणून आयपीएससीच्या 'ओपन' गटातले खेळाडू दुर्बीण सांगाड्याला कंस जोडून बसवतात. स्लाइड खालून पळते, ठिपका जागेवर. याच गटात नळीच्या तोंडाशी काम्पेन्सेटर असतो. तो वायू वर फेकतो आणि पिस्तुलाचं तोंड खाली दाबतो.

आपल्याकडे?

आपल्याकडे हा खेळ रोडावलेलाच राहतो, कारण नऊ मिलिमीटर आणि .४५ ही काडतुसं नागरिकांसाठी 'प्रोहिबिटेड बोअर'. परवान्यावर मिळतं ते प्रामुख्यानं .३२ आणि .२२. सेंटर फायर प्रकारात आपले नेमबाज .३२ वापरतात, त्या काडतुसात सपाट डोक्याची गोळी असते. कागदावर ती गोल, स्वच्छ भोक पाडते, गुण मोजणाऱ्याला भिंग कमी लागतं. आणि स्लाइडला खिडकी पाडायची हुक्की आली तर शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ आठवावं. परवान्याशिवाय बंदुकीत फेरफार करणं, ती दुरुस्त करणं, इतकंच काय तपासून देणंही गुन्हा आहे. ओळखीच्या लेथवाल्याकडे जायचं नाही. कट्टे बनवणाऱ्यांबरोबर कोठडीत बसून स्लाइडच्या वजनाची चर्चा करावी लागेल.

अर्ध्या ग्रॅमचा नखरा

एअर पिस्तुलात स्लाइड नाही, दारू नाही, छऱ्याचं वजन साधारण अर्धा ग्रॅम. तरी त्याचाही धक्का नेमबाजाला खुपतो! म्हणून श्टायर, फाइनवेर्कबाऊ असल्या कंपन्यांनी आत एक छोटं वजन बसवलं. छरा पुढे जाताना ते आपल्या जागेवरून सरकतं आणि पिस्तुलाला बसू पाहणारा धक्का स्वतःच गिळतं. दहाचं वर्तुळ असतं साडेअकरा मिलिमीटरचं, त्यामुळे हे लाड रास्तच.

स्लाइड नसली म्हणून घात चुकतो असंही नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा खटका भरण्याचा दांडा मोडला. दुरुस्तीत बराच वेळ गेला, उरलेल्या वेळात घाईनं नेम धरावे लागले आणि ५७५ गुणांवर ती अंतिम फेरीपासून दोन गुण लांब राहिली. तीन वर्षांनी पॅरिसला याच प्रकारात तिनं कांस्य घेतलं.

उलटं पिस्तूल

वजन कमी करून, जास्त करून, हलवून, थांबवून झालं. पण पिस्तुलाचं तोंड वर उडतंच का? कारण नळी हाताच्या वर असते आणि धक्का मनगटाला फिरवतो. सोव्हिएत कारागिरांनी यावर सरळ उपाय काढला. पिस्तूलच उलटं करा! त्यांच्या एमटीएस-३ मध्ये नळी खाली, हाताच्या रेषेत आणून ठेवली, बाकी सगळं वर. धक्का सरळ हातात, तोंड जवळजवळ उडतच नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला ते पिस्तूल आलं तेव्हा बाकीच्या देशांनी आरडाओरड केली आणि पुढे त्यावर बंदी आली. आज २५ मीटरच्या पिस्तुलासाठी नियमच आहे, की नळीची मधली रेषा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याच्या वरूनच गेली पाहिजे.